‘आम्ही’ की ‘आपण’? : त्रिनिदादचा कार्निव्हल, गाणे आणि राजकारण

१

२०२५ च्या जानेवारीत त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन देशाच्या संसदेने आपल्या राजचिन्हातला एक बदल मंजूर केला. १९६२ साली स्वातंत्र्याच्या वेळी ठरलेल्या त्या चिन्हातल्या ढालीवर कोलंबसाची तीन जहाजे होती. ती काढून स्टीलपॅनला जागा द्यायचे ठरले. स्टीलपॅन हे वाद्य तेलाच्या रिकाम्या पिंपातून जन्मले. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, त्यावर लहानमोठे फुगवटे काढायचे, एकेक फुगवटा एकेका सुराला लावायचा आणि टोकाला रबर गुंडाळलेल्या काठ्यांनी ते वाजवायचे. पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतली पोरे हे वाद्य घडवत होती, तेव्हा पोलीस त्यांच्या मागावर असत.

वसाहतकाराची जहाजे गेली आणि गरिबांचे वाद्य आले. त्रिनिदादच्या कार्निव्हलची गोष्ट बहुतेक वेळा अशीच सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. पण ती ऐकताना लोकसंख्येचा एक आकडा हाताशी ठेवावा. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के होते. दोन्ही समाजांचे पूर्वज जहाजांतूनच या बेटावर आले, पण वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या समुद्रांवरून आणि वेगवेगळ्या अटींवर. कार्निव्हलचे गाणे सत्तेला ‘तुम्ही कोण?’ असे विचारण्यात पहिल्यापासून पटाईत आहे. ‘आपण कोण?’ या प्रश्नाशी मात्र ते अजून झगडते आहे. या लेखात मी त्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागावर जाणार आहे.

२

कार्निव्हल हा मुळात कॅथलिक पंचांगातला सण. लेंटचे चाळीस दिवस सुरू होण्यापूर्वीचे हे शेवटचे खाणेपिणे आणि नाचगाणे. गोव्यातला इंत्रूज ज्या पंचांगातून आला, त्याच पंचांगातून त्रिनिदादचा कार्निव्हल आला. पोर्तुगीजांऐवजी तिथे तो फ्रेंच मळेवाल्यांनी नेला. बेट होते स्पेनचे, पण वस्ती विरळ. म्हणून १७८३ साली स्पेनच्या राजाने कॅथलिक वसाहतकारांना जमिनी देऊ केल्या, आणि मार्तिनिक, ग्रेनाडा वगैरे बेटांवरचे फ्रेंच जमीनदार आपल्या गुलामांसह येऊन राहिले. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. तेव्हापासून राज्यकर्ते इंग्रज, मळेवाले फ्रेंच आणि ऊस तोडणारे आफ्रिकी, अशी रचना झाली. मळेवाल्यांच्या घरी कार्निव्हलच्या दिवसांत मुखवट्यांचे नाच चालत. गुलामांना त्यात जागा नव्हती.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे रेंगाळली, आणि १८३८ मध्ये माणसे खरोखर मोकळी झाली. मग त्यांनी रस्ता घेतला. मळ्यात उसाला आग लागली की रात्रीअपरात्री शंख फुंकून आणि चाबूक वाजवून गुलामांना आग विझवायला हाकत नेत. जळक्या उसाच्या फ्रेंच नावावरून या प्रकाराला ‘कांबुले’ म्हणत. मोकळे झालेले लोक आता तोच प्रसंग सोंग म्हणून रस्त्यावर करू लागले: हातात मशाली, ढोलांचा गजर, लाठ्यांची झुंज आणि झुंजणाऱ्याला चेव आणणारे गाणे. हे गाणे म्हणणाऱ्याला ‘शांतवेल’ म्हणत. तो आपल्या लाठीबहाद्दराची तारीफ करी आणि प्रतिस्पर्ध्याची उणीदुणी काढी. पुढचा कॅलिप्सो गायक याच शांतवेलाचा वारस.

प्रतिष्ठित वर्गाने या कार्निव्हलला ‘जामेत’ कार्निव्हल असे नाव दिले. फ्रेंच भाषेत व्यासाला जो शब्द आहे त्यावरून हा शब्द आला असे मानतात. प्रतिष्ठेची एक रेषा मारली, तर तिच्याखाली राहणारे ते जामेत: लाठीबहाद्दर, गोदीतले मजूर, धोबिणी, वेश्या. या लोकांनी वर्षातले दोन दिवस ती रेषाच पुसून टाकली.

१८८० मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने कांबुलेकऱ्यांच्या मशाली, ढोल आणि लाठ्या काढून घेतल्या. १८८१ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा एरवी एकमेकांची डोकी फोडणारी लाठीपथके एक झाली होती. मध्यरात्री पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर दगड, बाटल्या आणि लाठ्यांनी पोलिसांना तोंड देण्यात आले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर फ्रीलिंगला स्वतः लोकांसमोर येऊन समजूत घालावी लागली, आणि पोलीस बराकीत राहिले. गाणे, ढोल आणि लाठी यांच्या जोरावर लोकांनी सरकारला मागे सारल्याचा हा प्रसंग आजही दरवर्षी कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे नाट्यरूपाने सादर होतो.

सरकारने याचे उत्तर कायद्याने दिले. १८८३-८४ मध्ये ढोल, मशाली आणि दहा किंवा अधिक लाठीधारकांचे जमाव यांवर बंधने आली. कांबुले बंद झाली.

३

या गोष्टीचा दुसरा भाग त्याच वर्षी, दक्षिणेकडच्या सान फर्नांडो शहराच्या वेशीवर घडला, आणि कार्निव्हलच्या इतिहासात तो सहसा येत नाही.

गुलाम मोकळे झाल्यावर मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशे हिंदी मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत सुमारे एक लाख ४४ हजार माणसे अशी गेली. ते गिरमिटिये. बहुतेकजण कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले, भोजपुरी-अवधी मुलखातले, काहीजण मद्रासकडचे. त्यांच्याबरोबर मोहरम गेला. ‘या हुसेन’ या आक्रोशावरून बेटावर त्याचे नाव ‘होसे’ पडले. ताजिये बनत, मिरवणुका निघत, आणि त्यांच्यापुढे ‘तासा’ वाजे. या तासाच्या ताफ्यात असतात ताशे, एक मोठा ढोल आणि झांज. मराठी वाचकाला यातले एकही वाद्य ओळखून सांगावे लागत नाही. आपल्या ढोल-ताशातला ताशा आणि त्रिनिदादचा तासा हा एकच शब्द आहे, एकच वाद्य आहे.

होसे नावापुरताच मुसलमानांचा होता. मिरवणुकीत हिंदू मजूर मोठ्या संख्येने असत, आणि आफ्रिकी वंशाचे लोकही ढोल घेऊन सामील होत. १८९३ पूर्वी महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ताबुतांपुढे हिंदू नाचत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. सरकारला मात्र काळजी वाटली. उसाचे भाव पडलेले, मळ्यांवर संप होत असलेले, आणि वर्षातून एकदा वेगवेगळ्या मळ्यांचे हजारो मजूर ढोल वाजवत एकत्र शहरात येणार. १८८४ मध्ये मिरवणुकांना शहरात आणि हमरस्त्यांवर येण्यास मनाई झाली. मजुरांनी अर्ज केला, आणि त्यात पुढाकार घेणारा माणूस हिंदू होता. अर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मिरवणुका नेहमीप्रमाणे सान फर्नांडोकडे निघाल्या. शहराच्या वेशीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किमान १६ माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. चौकशीसाठी जमैकाचा गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आला. त्याने सरकारला दोष दिला नाही.

एकाच वर्षी, एकाच सरकारने, एकाच भीतीपोटी दोन ढोल बंद पाडले. कांबुले रोखणाऱ्यांना आणि होसेवर गोळ्या झाडणाऱ्यांना हे दोन्ही ढोल सारखेच धोक्याचे वाटले, म्हणजे सत्तेच्या हिशेबात हे दोन समाज एकच होते. स्मरणात मात्र ते वेगळे राहिले. १८८१ हे कार्निव्हलचे, म्हणजे पुढे राष्ट्राचे, स्मरण झाले. १८८४ हे एका समाजाचे दुःख म्हणून मागे उरले. पुढे कॅलिप्सोला ‘राष्ट्राचा आवाज’ म्हटले जाऊ लागले, तेव्हा त्या आवाजात हा दुसरा ढोल कुठे होता, हे विचारावे लागते.

४

ढोल गेला म्हणून ताल गेला नाही. लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू कापून जमिनीवर आपटायला सुरुवात केली. याला ‘तांबू बांबू’ म्हणत. १९३० च्या दशकात बांबूची जागा बिस्किटांचे डबे आणि मोटारींचे सुटे भाग घेऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४५ कार्निव्हल बंद होता, पण वस्त्यांमागच्या अंगणांत डबे ठोकणे चालू होते. त्यातून स्टीलपॅन घडले. १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी स्टीलपॅनचा एक ताफा लंडनला गेला, तेव्हा बेटावरच्या भद्रलोकांनाही त्यात संगीत ऐकू येऊ लागले.

गाण्याचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच पात्वा मागे पडून कॅलिप्सो इंग्रजीत गायला जाऊ लागला. गव्हर्नर जर्निंगहॅमने पोर्ट ऑफ स्पेनची नगरपालिका बरखास्त केली, त्यावर नॉर्मन ल ब्लाँ याने रचलेले गाणे इंग्रजीतल्या सुरुवातीच्या राजकीय कॅलिप्सोंपैकी एक मानले जाते. १९२० च्या दशकात बांबू आणि झावळ्यांचे मांडव उभे राहिले. त्यांना ‘टेंट’ म्हणत, आणि तिथे तिकीट काढून लोक गाणी ऐकायला बसत. गायकांनी नावेही तशीच घेतली: अटिला द हूण, ग्रोलिंग टायगर, रोअरिंग लायन, लॉर्ड एक्झिक्यूटर. ज्यांना समाजात पुरते नावही नव्हते, त्यांनी स्वतःला लॉर्ड करून टाकले.

टेंटमधला गायक काय करी, हे कलगी-तुऱ्याचा फड ठाऊक असलेल्याला लगेच कळेल. दोन गायक समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे कडवी जुळवीत, एकमेकांची टर उडवीत, आणि श्रोते हशा-टाळ्यांनी निकाल देत. या टोचून बोलण्याला ‘पिकाँग’ म्हणतात. फ्रेंचमधल्या ‘झणझणीत’ या अर्थाच्या शब्दातून तो आला. शाहिराने सरदाराची लाज काढावी, तशी कॅलिप्सो गायकाने गव्हर्नराची, वकिलाची, मंत्र्याची लाज काढायची. वृत्तपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला आठवड्याची बातमी आणि तिच्यावरची टिप्पणी दोन्ही टेंटमध्ये मिळत.

सरकारने हे ओळखले. १९३४ मध्ये नाट्यगृहे आणि नृत्यगृहे यांसंबंधीचा कायदा आला. गाण्यांवर पोलिसांची नजर बसली. न्यू यॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित होऊन परत येणाऱ्या तबकड्याही तपासल्या जाऊ लागल्या, काहींवर बंदी आली. जून १९३७ मध्ये युराया बटलर यांच्या नेतृत्वाखाली तेलक्षेत्रातल्या कामगारांनी संप केला. त्याचे लोण उसाच्या मळ्यांपर्यंत पोचले, गोळीबार झाला, माणसे मेली. लंडनने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाच्या अहवालावर अटिला द हूणने गाणे केले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. मग अटिलाने तबकड्यांवरच्या बंदीवरच गाणे केले. त्याचे खरे नाव रेमंड केव्हेदो. १९४६ मध्ये तो पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरपालिकेत आणि १९५० मध्ये विधिमंडळात निवडून गेला. ज्या कायद्याने त्याचे गाणे तपासले जाई, तो कायदा बदलण्याच्या बाजूने तो आता सभागृहात बोलू शकत होता.

या काळातल्या गाण्यांतला ‘आम्ही’ कोण होता? तो कष्टकरी होता, बहुधा आफ्रिकी वंशाचा होता आणि जवळजवळ नेहमी पुरुष होता. भारतीय माणूस त्यात येई तो पाहुणा म्हणून: लग्नाच्या जेवणावरून, नावांच्या उच्चारावरून किंवा एखाद्या देखण्या भारतीय मुलीवरून केलेल्या थट्टेत. स्त्रिया येत त्या विषय म्हणून. युद्धकाळात त्रिनिदादवर अमेरिकेचा मोठा तळ होता. लॉर्ड इन्व्हेडरच्या १९४३ च्या ‘रम अँड कोका-कोला’मध्ये अमेरिकन डॉलरमागे जाणाऱ्या आई-मुलीची कहाणी आहे. साम्राज्याविरुद्धचा राग आणि बायकांविरुद्धचा राग तिथे एकमेकांत मिसळून जातात. तेच गाणे अँड्र्यूज सिस्टर्सनी अमेरिकेत गाऊन प्रचंड खपवले. इन्व्हेडरला आपला हक्क मिळवण्यासाठी न्यू यॉर्कच्या न्यायालयात जावे लागले. तो जिंकला.

५

१९५६ हे वर्ष त्रिनिदादमध्ये दोन कारणांनी लक्षात ठेवतात. जानेवारीत डॉ. एरिक विल्यम्स यांनी पीपल्स नॅशनल मूव्हमेंट हा पक्ष काढला आणि सप्टेंबरात तो निवडणूक जिंकला. मधल्या काळातल्या कार्निव्हलमध्ये मायटी स्पॅरो नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने ‘जीन अँड डायना’ गाऊन कॅलिप्सोचा मुकुट मिळवला. अमेरिकन सैनिक निघून गेल्यावर बाजारात पडेल भावाने उरलेल्या मुलींची ही कुचेष्टा. तिच्यात स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या बेटाची मिजास आहे, आणि ती मिजास कोणाच्या जिवावर केली आहे, हेही स्वच्छ दिसते.

पुढच्याच वर्षी स्पॅरोने कार्निव्हलच्या स्पर्धेवर बहिष्कार घातला. कार्निव्हलच्या सौंदर्यराणीला, म्हणजे बहुधा उजळ वर्णाच्या, वरच्या थरातल्या मुलीला, मिळणारी बक्षिसे कॅलिप्सोच्या राजाला मिळणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट होती. नव्या सरकारने कार्निव्हलची सूत्रे आपल्या हाती घेतली. १९६३ मध्ये स्टीलपॅनच्या ताफ्यांची ‘पॅनोरमा’ ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. एके काळी सुरे-बाटल्या घेऊन एकमेकांवर धावणाऱ्या ताफ्यांना कंपन्यांनी दत्तक घेतले, आणि ‘शेल इन्व्हेडर्स’, ‘पॅन अ‍ॅम नॉर्थ स्टार्स’ अशी नावे झळकू लागली. बंदीपेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक ठरला. ढोल आता सरकारी व्यासपीठावर होता.

स्पॅरोने विल्यम्स यांचे पोवाडे गायले आणि महागाई वाढली तेव्हा त्यांना जाबही विचारला. वेस्ट इंडीजचे संघराज्य १९५८ मध्ये बनले आणि १९६२ मध्ये मोडले. जमैका बाहेर पडल्यावर विल्यम्स यांनी दहातून एक गेला की शून्य उरते, असे गणित मांडले. संघराज्यावरचा स्पॅरोचा कॅलिप्सो त्या मोडणीची हळहळ आणि चीड आजही जिवंत ठेवतो. स्पॅरो स्वतः ग्रेनाडात जन्मलेला, त्यामुळे बेटांच्या फाटाफुटीचे दुःख त्याला परके नव्हते.

पण १९५८ मध्येच आणखी एक घटना घडली. संघराज्याच्या निवडणुकीत विल्यम्स यांचा पक्ष त्रिनिदादमध्ये मागे पडला. १ एप्रिलच्या भाषणात त्यांनी त्याचे खापर भारतीय वंशाच्या मतदारांवर फोडले. हा हटवादी, वैर धरणारा अल्पसंख्य गट भारतीय राष्ट्राचे सोंग घेऊन वावरतो आहे, अशा आशयाचे ते बोलले. सोंगासाठी त्यांनी जे इंग्रजी क्रियापद वापरले, ते मुखवट्यांच्या नाचाचे क्रियापद आहे. कार्निव्हलच्या देशात सोंग घेणे ही शिवी व्हावी, आणि ती नेमकी एका समाजाला दिली जावी, हे मला त्या भाषणातल्या इतर कशाहूनही बोलके वाटते.

१९७० मध्ये हे बांध फुटण्याची एक शक्यता दिसली. त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये काही ताफ्यांनी थेट आफ्रिकेचा इतिहास आणि क्रांतिकारकांच्या तसबिरी रस्त्यावर आणल्या. फेब्रुवारीअखेर ब्लॅक पॉवर चळवळीचे मोर्चे सुरू झाले. १२ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनमधून हजारो लोक उसाच्या कारोनी भागाकडे चालत गेले. आफ्रिकी आणि भारतीय कष्टकऱ्यांनी एक व्हावे, ही त्यांची हाक होती. २१ एप्रिलला आणीबाणी लागू झाली आणि सैन्याच्या एका तुकडीने बंड केले. त्या बंडाच्या नेत्यांपैकी एक होता रफीक शाह, भारतीय वंशाचा तरुण अधिकारी. बंड मोडले. त्यानंतरच्या काळात सरकारला सर्वांत चिवटपणे टोचत राहिला तो चॉकडस्ट नावाचा शाळामास्तर, हॉलिस लिव्हरपूल. सरकारी नोकरीत असताना टेंटमध्ये गाऊन पैसे का मिळवतोस, असे शिक्षण खात्याने विचारले, तेव्हा त्याने खात्याला उत्तर गाण्यातूनच दिले होते. १९७२ मध्ये त्याने महान्यायवादी कार्ल हडसन-फिलिप्स यांची आपल्याला फार भीती वाटते, असे साळसूदपणे गाऊन सांगितले आणि सगळा देश हसला.

६

इथे मला अनुवादकाची एक अडचण सांगायची आहे, कारण माझ्या मते या इतिहासाची किल्ली तिच्यात आहे.

इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. त्रिनिदादच्या इंग्रजी क्रिओलमध्येही तसेच. मराठीत तसे चालत नाही. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे की वगळून, हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ठरवावे लागते. गुजरातीत आणि तमिळमध्येही हा भेद आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून कॅलिप्सो मराठीत आणताना ओळीओळीला थांबून विचारावे लागते: हा गायक कोणाला धरून बोलतो आहे?

१९७९ मध्ये ब्लॅक स्टालिनने ‘कॅरिबियन युनिटी’ हे गाणे गाऊन कॅलिप्सोचा मुकुट मिळवला. लोक त्याला ‘कॅरिबियन मॅन’ म्हणूनच ओळखतात. राजकारण्यांना बेटे एकत्र आणता आली नाहीत, कारण या माणसांचे मूळ एक आहे, त्यांचा सागरप्रवास एक आहे, हे त्यांना कळलेच नाही, असा त्याचा युक्तिवाद. चाल सुंदर, तळमळ खरी. जमैका ते त्रिनिदाद कोणत्याही आफ्रिकी वंशाच्या श्रोत्याला तिथे ‘आपण’ ऐकू येते. पण मूळ एक आणि प्रवास एक म्हटले की त्रिनिदादचा एकतृतीयांशाहून अधिक समाज जहाजातून उतरवला जातो. भारतीय वंशाच्या लेखकांनी हे वृत्तपत्रांतून बोलून दाखवले. बाईचा तर गाण्यात पत्ताच नाही, हेही कोणी कोणी म्हणाले. मोठा वाद झाला. स्टालिनच्या बाजूचे म्हणाले, गुलामांच्या वंशजाने आपली कहाणी सांगितली तर बिघडले कुठे? दोघांचेही म्हणणे खरे होते. ते गाणे ‘आम्ही’चे होते, आणि देशाने ते ‘आपण’ म्हणून ऐकले.

दरम्यान, वाद घालण्याआधीच संगीत पुढे गेले होते. भारतीय वस्त्यांच्या शेजारात वाढलेल्या लॉर्ड शॉर्टी या गायकाने १९७३ च्या ‘इंद्राणी’मध्ये ढोलकचा ठेका कॅलिप्सोत आणला. या प्रयोगांतून ‘सोका’ हा प्रकार जन्मला, ज्याच्या तालावर आज कॅरिबियनचे सगळे कार्निव्हल नाचतात. दुसऱ्या बाजूने लग्नघरातली भोजपुरी गाणी सुंदर पोपो यांनी ‘नाना अँड नानी’मधून ध्वनिमुद्रिकेवर आणली. त्यातून ‘चटनी’ संगीत आले. १९८७ मध्ये द्रुपती रामगुनाई या तरुणीने ‘चटनी सोका’ गायले, तेव्हा सनातनी हिंदूंनी तिच्यावर टीकेची झोड उठवली: भारतीय बाईने कार्निव्हलच्या रंगमंचावर जायचे? म्हणजे दार एकाच बाजूने बंद नव्हते. जहाजातून उतरवणारे होते, तसे जहाजावर पाऊल ठेवू न देणारेही होते.

१९८६ मध्ये जिप्सीच्या ‘सिंकिंग शिप’ या गाण्याने तीस वर्षांच्या सत्तेला घरघर लावली, असे लोक म्हणतात. त्या गाण्यात देश हेच बुडते जहाज आहे. विल्यम्स यांचा पक्ष ३६ पैकी केवळ तीन जागांवर आला. पण विजयी आघाडीतला आफ्रिकी-भारतीय समेट दोन वर्षांत फिसकटला. १९९५ मध्ये, फतेल रझाक बंदरात लागल्याला १५० वर्षे झाली त्याच वर्षी, बासदेव पांडे पंतप्रधान झाले. भारतीय वंशाचे ते पहिले.

१९९६ चा कार्निव्हल त्यानंतर तीन महिन्यांनी आला, आणि त्या एका मोसमात दोन गाणी समोरासमोर उभी राहिली. क्रो क्रो या गायकाने, सत्ता हातची घालवल्याबद्दल आफ्रिकी वंशाच्या मतदारांना खडसावणारे गाणे गायले आणि तो कॅलिप्सो मोनार्क ठरला. ब्रदर मार्व्हिनने गायले ‘जहाजी भाई’. हा शब्द गिरमिटियांचा. एका बोटीतून आलेले, मग जात-धर्म काहीही असो, एकमेकांचे जहाजी भाई, आणि हे नाते रक्ताच्या नात्याइतके पाळले जाई. मार्व्हिनने तो शब्द उचलून दोन्ही समाजांवर पसरला आणि स्वतःच्या आफ्रिकी वंशात मिसळलेल्या भारतीय रक्ताचा उच्चार केला. अनेकांचे डोळे भरून आले. काही आफ्रिकी संघटकांना मात्र ते रुचले नाही. गुलामांचे जहाज आणि गिरमिटियांचे जहाज एकच कसे? साखळदंडात आणलेला आणि करारावर अंगठा उठवून आलेला, दोघांना एका शब्दात बसवले की एकाची जखम पुसली जात नाही का?

हा आक्षेप टाळता येत नाही. ‘आपण’ हा शब्द वाटतो तितका निरागस नसतो. मोठ्या मनाने म्हटलेल्या ‘आपण’मध्येही कोणाचे तरी वेगळे दुःख गिळले जाऊ शकते. आणि तरीही, माझ्या वाचनापुरते, एवढ्या स्पष्टपणे ‘आपण’ म्हणू पाहणारे कॅलिप्सो फार थोडे आहेत. बक्षीस कोणाला मिळाले ते वर आलेच आहे. पुढच्या वर्षांत पांडे सरकार आणि कॅलिप्सो गायक यांच्यात वाजत राहिले. गाण्यातली टीका कुठे संपते आणि एका समाजाची हेटाळणी कुठे सुरू होते, हा वाद त्रिनिदादमध्ये आजही मिटलेला नाही. सत्तेवर भारतीय वंशाचा माणूस बसल्यावर तो अधिक अवघड झाला. पंतप्रधानाची लाज काढणे हा गायकाचा धर्म, पण पंतप्रधानाच्या नावाने अख्ख्या समाजाची लाज काढली गेली तर तो धर्म उरतो का?

७

कॅलिप्सोचे अभ्यासक गॉर्डन रोलेर यांनी स्वातंत्र्यपूर्व त्रिनिदादमधल्या कॅलिप्सोवर लिहिलेला ग्रंथ वाचताना जाणवते, की या गाण्याने सत्याचा मक्ता कधीच सांगितला नाही. त्याने बाजू घेतली, चिडवले, खोटेही बोलले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गायकाने त्याचे वाभाडे काढले. टेंटची परंपरा एका गाण्याची नव्हती, जबाब देणाऱ्या गाण्याची होती. ‘कॅरिबियन मॅन’चा जबाब द्यायला सतरा वर्षे लागली, पण ‘जहाजी भाई’ आले. १९९५ मध्ये स्टालिनने स्वतः ‘सुंदर’ हे गाणे गायले. ते सुंदर पोपो यांच्या सन्मानार्थ होते. ज्याच्या गाण्यात भारतीयांना जागा नव्हती अशी तक्रार झाली, त्याने एका भारतीय वंशाच्या गायकाला गाण्यातूनच नमस्कार केला. सरकारी समेटांपेक्षा मला हा जबाब टिकाऊ वाटतो.

आता राजचिन्हातली जहाजे जात आहेत. कोलंबसाची ती जहाजे जावीत, याबद्दल फारसे कोणी रडणार नाही. पण त्या देशातल्या गाण्यांना छळणारी जहाजे ती नव्हेतच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली आणि कलकत्त्याहून आलेली, ती दोन्ही कोणत्याच ढालीवर कधी नव्हती. त्यांचा हिशेब गाण्यातच होत आला आणि पुढेही तिथेच होईल. सेंट जेम्स या पोर्ट ऑफ स्पेनच्या उपनगरात आजही होसेच्या रात्री ताशे तापवले जातात, आणि ते वाजवणारे हात सगळे एका वंशाचे नसतात. १८८४ मध्ये सरकारने दोन्ही ढोल एकाच धास्तीने ऐकले होते. ते दोन्ही एकाच कानाने आणि धास्तीवाचून ऐकता आले, की अनुवादकाला त्या जागी ‘आपण’ लिहिताना हात अडखळणार नाही.